दुसऱ्याची ठेव आणि आपली संमती

जी वस्तू आपली नाही ती तिसऱ्याच्या स्वाधीन करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे समजण्यासाठी कोणत्याही धर्मग्रंथाची वा कायद्याच्या पोथीची गरज पडू नये. शेजाऱ्याने गावाला जाताना विश्वासाने ठेवावयास दिलेली किल्ली आपण दारावर आलेल्या फिरत्या विक्रेत्याच्या हाती देत नाही. त्याने बदल्यात एखादी वस्तू फुकट देऊ केली तरी देत नाही. तथापि, सुशिक्षित आणि पुष्कळदा पुरोगामी म्हणविणारी आपण माणसे नेमकी हीच गोष्ट आज बिनदिक्कत करीत असतो. मोबाइलवर एखादे नवे ॲप उतरवून घेताना 'आपल्या संपर्क-यादीस प्रवेश द्यावा काय?' असा प्रश्न पडद्यावर उमटतो आणि तो पुरता वाचण्याचेही कष्ट न घेता आपण 'परवानगी' या शब्दावर बोट टेकवितो. त्या एका स्पर्शासरशी चारपाचशे माणसांची नावे, दूरध्वनी क्रमांक, घरांचे पत्ते आणि जन्मतारखा एखाद्या कंपनीच्या संगणकावर जाऊन पडू शकतात. त्या चारपाचशेंपैकी एकालाही आपण विचारलेले नसते.

या व्यवहाराला कंपन्या 'वापरकर्त्याची संमती' असे म्हणतात. कोणाची संमती? ज्याने बोट टेकविले त्याची. माहिती कोणाची? ज्यांना पत्ताही नाही त्यांची. एकाच्या संमतीने दुसऱ्याची वस्तू देता येते, हे अजब तत्त्व आपण निमूटपणे मान्य केले आहे. ते अमान्य करावयास हवे आणि त्याची सुरुवात कायद्याच्या आधी स्वतःच्या आचरणापासून करावयास हवी, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

यादी म्हणजे नुसते आकडे नव्हेत

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. 'फोन नंबरात एवढे गुपित ते काय? पूर्वी टेलिफोन खात्याची जाडजूड डिरेक्टरी घरोघर असे. तिच्यात सर्वांचे क्रमांक आणि पत्ते छापलेले असत. तेव्हा कोणी नीतिमत्तेचा प्रश्न काढला नाही. मग आताच का?'

आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. परंतु डिरेक्टरी आणि आपल्या खिशातील यादी यांत मूलभूत फरक आहे. डिरेक्टरी एवढेच सांगे की अमुक क्रमांक अमक्याचा. त्या माणसाला कोण ओळखतो, कोणत्या नात्याने ओळखतो, हे तिच्यात नसे. खिशातील यादी नेमके हेच सांगते. आपण नावे कशी नोंदवितो ते आठवून पाहावे. 'सुनंदा कामवाली', 'गणपत रिक्षा', 'देशमुख वकील घटस्फोट', 'कॅन्सर डॉक्टर', 'व्याजवाले शेठ'. प्रत्येक नोंदीत दुसऱ्याच्या जीवनाचा एक तुकडा असतो, तसाच आपल्याही. ही नोंद आपण आपल्या सोयीसाठी, आपल्या भाषेत केलेली असते. चारचौघांत वाचून दाखविण्यासाठी नव्हे.

आता अशा लक्षावधी याद्या एकाच ठिकाणी गोळा झाल्या म्हणजे काय होते ते पाहा. एका यादीतून कळते की मी अमक्याला ओळखतो. हजार याद्या एकत्र ठेवल्या की त्या अमक्याला कोण कोण ओळखते, तो कोणत्या वस्तीत राहतो, कोणत्या डॉक्टरकडे आणि कोणत्या संघटनेत जातो, याचा नकाशा तयार होतो. त्याने स्वतः एक अक्षरही लिहून दिलेले नसले तरी तो तयार होतो. फोन कोणाचा आला हे सांगणारी जी ॲपे आपल्याकडे लोकप्रिय आहेत, त्यांतील काहींचा पायाच मुळी असा आहे की, लोकांनी एकमेकांना दिलेली नावे गोळा करावयाची आणि ती तिसऱ्याला दाखवावयाची. परिणामी, घरकाम करून दोन मुलांना शिकविणाऱ्या बाईने एखाद्या कार्यालयात नोकरीसाठी फोन केला तर पलीकडच्या पडद्यावर तिच्या नावापुढे 'कामवाली' हे शेपूट उमटू शकते. ते तिने लावलेले नाही, आणि पुसण्यासाठी कोठे जावे हेही तिला ठाऊक नाही. जात आणि वर्ग यांच्या खुणा पुसण्याची भाषा करणाऱ्यांनी या प्रकाराचा विचार केला पाहिजे.

२०१३ साली फेसबुकमध्ये एक दोष उघडकीस आला आणि सुमारे ६० लाख वापरकर्त्यांचे फोन क्रमांक वा ईमेल पत्ते इतरांच्या हाती पडल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. ते घडले कसे? इतरांनी चढविलेल्या संपर्क-याद्यांतील माहिती कंपनीने त्या त्या व्यक्तींच्या नोंदींशी जोडून ठेवली होती. म्हणजे ज्याने आपला क्रमांक कंपनीला कधीच दिला नव्हता त्याचाही क्रमांक त्याच्या मित्राच्या कृपेने तेथे हजर होता.

ढग नव्हे, इमारत

'क्लाउड' या शब्दाने फार मोठा भ्रम निर्माण केला आहे. ढग म्हटला की तो कोणाच्याच मालकीचा नाही, सर्वांचा आहे, वर कोठेतरी तरंगतो आहे, असे वाटते. वस्तुतः तो ढग नसून इमारत आहे. तिला भिंती आहेत, पहारेकरी आहेत, विजेचे आणि पाण्याचे प्रचंड बिल आहे आणि मुख्य म्हणजे मालक आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यात, जेथे एकेकाळी रसायनांच्या कारखान्यांची धुराडी दिसत, तेथे ऐरोली-महापे भागात आज अशा इमारती उभ्या आहेत. आपली पत्त्यांची वही तेथे असेल, सिंगापुरात असेल वा अमेरिकेत असेल. ती कोठे आहे यापेक्षा ती कोणाच्या कह्यात आहे हा प्रश्न महत्त्वाचा. अमेरिकन काँग्रेसने मार्च २०१८ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार अमेरिकन कंपनीच्या ताब्यातील माहिती, ती जगाच्या पाठीवर कोठेही साठविलेली असो, तेथील सरकारला कायदेशीर आदेशाने मागविता येते. आपल्या भावजयीचा पत्ता अशा आदेशाच्या कक्षेत आपण नेऊन ठेवला आहे, याची तिला कल्पना आहे काय?

येथे थोडा तपशील पाहणे इष्ट ठरेल. कारण सर्वच साठवण सारखी नसते आणि सरसकट निषेध हा आळशी माणसाचा मार्ग आहे. तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात माहिती कुलूपबंद होऊन जाते आणि किल्ली फक्त आपल्याजवळ राहते. कंपनीलाही ती उघडता येत नाही. दुसऱ्या प्रकारात कुलूप असते, पण एक किल्ली कंपनीकडेही असते. तिसऱ्या प्रकारात कुलूप नावालाच. माहिती घ्यावयाची ती वापरण्यासाठी, जुळवणीसाठी, जाहिरातीसाठी. पहिला प्रकार निर्दोष म्हणता येईल, दुसरा सावधगिरीने पत्करावा लागेल, तिसरा मात्र सरळसरळ विश्वासघात आहे.

आपल्यापैकी बहुतेकांची संपर्क-यादी दुसऱ्या वा तिसऱ्या प्रकारात मोडते. ॲपल कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये कडक कुलपाची एक ऐच्छिक सोय आणली. त्यायोगे ग्राहकाची छायाचित्रे, टिपणे आणि फोनची संपूर्ण सुरक्षा-प्रत कंपनीलाही उघडता येणार नाही अशी बंदोबस्ताने ठेवता येते. पण त्यातून तीन गोष्टी वगळल्या गेल्या : टपाल, दिनदर्शिका आणि संपर्क-यादी. कारण असे दिले गेले की यांची इतर यंत्रणांशी देवाणघेवाण व्हावी लागते. कारण खरेही असेल. पण निष्पत्ती काय झाली? माझे स्वतःचे फोटो मी माझ्यापुरते कुलपात ठेवू शकतो. इतरांनी विश्वासाने दिलेले पत्ते मात्र त्या कुलपाबाहेर राहतात.

नाती तारण

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या साऱ्यात एक परिचित आकृती दिसते. दोघांच्या सौद्याचा खर्च सौद्यात नसलेल्या तिसऱ्याने सोसावयाचा, या प्रकाराचा पद्धतशीर विचार ए. सी. पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणाच्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात केला. कारखानदार आणि ग्राहक यांचा सौदा दोघांनाही लाभदायक ठरतो, परंतु धूर शेजारच्या चाळीत जातो. संपर्क-यादीचा सौदा याच जातीचा आहे. ॲप फुकट मिळते ते मला, माहिती मिळते ती कंपनीला, आणि धूर जातो तो यादीतील माणसांच्या घरात.

हा धूर किती दूरवर जातो याचा अंदाज २०१८ च्या एप्रिलमध्ये आला. केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार, ज्या ॲपमधून माहिती बाहेर गेली ते भारतात ३३५ जणांनी घेतले होते. बाधित होण्याचा संभव असलेले भारतीय मात्र ५,६२,४५५ होते. ३३५ जणांनी काहीतरी मान्य केले होते असे वादासाठी समजू. उरलेल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांचा अपराध कोणता? कोणाचे तरी मित्र असणे!

परंतु या प्रश्नाचे सर्वांत क्रूर रूप निवडणुकांच्या राजकारणात नव्हे, तर कर्जबाजारी माणसाच्या फोनमध्ये दिसले. २०२० च्या टाळेबंदीत लाखो लोकांची कमाई बुडाली आणि झटपट कर्ज देणाऱ्या ॲपांचे पीक आले. पाच-सात हजारांचे कर्ज, आठ-पंधरा दिवसांची मुदत, रक्कम हाती पडण्यापूर्वीच कापलेले भरमसाट शुल्क. कागदपत्र नको, जामीनदार नको, तारण नको, अशी जाहिरात असे. फक्त एक अट असे : संपर्क-यादीस प्रवेश द्या. हप्ता चुकला की वसुलीवाले कर्जदाराला नव्हे, तर त्याच्या यादीतील माणसांना फोन करीत. कर्जदाराच्या सासऱ्याला, शाळेतल्या बाईंना, कचेरीतल्या वरिष्ठांना, वर्षानुवर्षांत भेट न झालेल्या मित्राला. 'तुमचा अमका चोर आहे' येथपासून बनावट अश्लील छायाचित्रे पाठविण्यापर्यंत मजल जाई. तेलंगणात २०२० च्या अखेरीस या छळापायी आत्महत्या झाल्या; पोलिसांनी धाडी घातल्या, अटका केल्या; पुढे इतर राज्यांतूनही असेच वृत्तान्त येत राहिले. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये सादर केलेल्या अहवालात असे नमूद केले की, पाहणीत आढळलेल्या सुमारे १,१०० कर्ज-ॲपांपैकी सुमारे ६०० बेकायदा होती.

तारण नको ही जाहिरात खोटी होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. तारण होते. ज्याच्याकडे जमीन नाही, सोने नाही, पगाराची पावती नाही, त्याच्याकडे नाती असतात. ती तारण म्हणून घेतली गेली. गावचा सावकार भांडी उचलून नेई, शेत लिहून घेई. पण कर्जदाराच्या मित्राच्या दारात उभे राहून त्याला शिव्या देण्याचा हक्क त्यालाही नव्हता. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची व्याख्या आहे. जामीन राहणे ही ज्याची त्याने पत्करावयाची जबाबदारी आहे. येथे मात्र शेकडो माणसे आपल्याला न कळत, केवळ कोणाच्या तरी यादीत असल्यामुळे, जामीनदार बनली.

रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांद्वारे कर्ज-ॲपांना फोनमधील संपर्क-यादी, कॉलची नोंद आणि साठविलेल्या फायली यांकडे पाहण्यास मनाई केली. गूगलनेही २०२३ मध्ये आपल्या दुकानातील वैयक्तिक कर्जाच्या ॲपांना ही बंदी लागू केली. निर्णय स्वागतार्ह आहेत. पण ते काय सिद्ध करतात? हेच की दुसऱ्याची माहिती एकाच्या परवानगीने घेणे गैर आहे, हे तत्त्व राज्यसंस्थेला आणि बाजारालाही कळते. मात्र प्रेते पडल्यानंतर कळते. कर्जाच्या ॲपला जे निषिद्ध ते खेळाच्या, खरेदीच्या वा गप्पांच्या ॲपला क्षम्य का असावे, याचे उत्तर कोणी देत नाही.

'आम्हाला लपविण्यासारखे काही नाही'

दुसरा आक्षेप सोयीचा आहे. फोन हरवला, पाण्यात पडला, चोरीस गेला तर सारे क्रमांक एका क्षणात परत मिळतात. विशेषतः गरीब माणसाला, ज्याचा रोजगारच फोनवर अवलंबून आहे, ही सोय लहान नाही. हे मान्य केलेच पाहिजे. रंगकाम करणाऱ्या कारागिराचे मुकादम आणि गिऱ्हाईक हरवले तर त्याचा आठवडा बुडतो. परंतु सुरक्षित प्रत ठेवणे निराळे आणि ती प्रत पाहावयास, जुळवावयास, विकावयास मोकळीक देणे निराळे. बँकेच्या लॉकरमध्ये दागिने ठेवणारा बँकेला ते घालून मिरवण्याची परवानगी देत नाही. सिग्नल या निरोप-ॲपने २०१७ मध्येच दाखवून दिले की, कोण कोण त्या ॲपवर आहे हे यादी कंपनीच्या दृष्टीस न पडू देताही शोधता येते. आयफोनमध्ये २०२४ च्या सप्टेंबरपासून सारी यादी न देता निवडक नावेच ॲपला दाखविण्याची सोय आहे. तेव्हा 'तंत्रज्ञानच असे आहे, काय करणार!' ही हतबलता खोटी आहे. तंत्रज्ञान तसे नसून नफ्याचे गणित तसे आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येतो : 'हा सुखवस्तू मध्यमवर्गाचा चोचला आहे. पोटाला भाकर नसलेल्यांना खासगीपणाचे काय?' कर्ज-ॲपांच्या बळींनी याचे उत्तर दिले आहे. आणखी एक उत्तर ब्रिटनमधील बांधकाम मजुरांनी दिले. तेथे बांधकाम-कंपन्यांसाठी कामगारांची काळी यादी चालविणाऱ्या एका संस्थेवर २००९ साली माहिती आयुक्तांनी छापा घातला तेव्हा ३,२१३ जणांच्या नोंदी सापडल्या. युनियनचे काम केले, सुरक्षिततेबद्दल तक्रार केली, एवढ्या कारणावरून वर्षानुवर्षे काम नाकारले गेलेली माणसे त्यांत होती. ही यादी बहुतांशी कागदी कार्डांवर होती! कागदावर जे इतके घातक, ते शोधयंत्राच्या हाती पडल्यावर किती घातक ठरेल? नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून माहेरचेही दार टाळून राहणाऱ्या बाईचा नवा क्रमांक, आंतरजातीय विवाह करून परगावी गेलेल्या जोडप्याचा पत्ता, मालकाच्या नकळत संघटना बांधणाऱ्या कंत्राटी कामगाराचे नाव, या गोष्टी कोणासाठी चोचले आहेत? 'मला लपविण्यासारखे काही नाही' असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की यादी त्याची असली तरी जीव दुसऱ्यांचे आहेत.

कायदा कोणाच्या बाजूस?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ साली, व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांचा अवधी दिला गेला. या कायद्याने यादीतील माणसास काय दिले?

कायद्यात एक सूट आहे : व्यक्तीने खासगी वा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीस तो लागू नाही. मूळ सूट रास्त आहे. प्रत्येकाच्या वहीत पोलिसाने डोकावावे असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न उद्भवतो तो वही घराबाहेर पडल्यावर. स्वीडनमध्ये चर्चच्या एका स्वयंसेविकेने आपल्या सहकाऱ्यांची नावे, फोन क्रमांक आणि एकीच्या दुखापतीचा उल्लेख इंटरनेटवर ठेवला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये निर्णय दिला की अगणित लोकांना खुली झालेली माहिती घरगुती राहत नाही. आयर्लंडच्या माहिती-संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये व्हॉट्सॲपला २२.५ कोटी युरोंचा दंड केला. ज्यांनी हे ॲप कधी घेतलेच नाही, पण ज्यांचे क्रमांक इतरांच्या याद्यांतून तेथे पोचले, त्यांचे क्रमांकही व्यक्तिगत माहितीच आहेत आणि त्यांनाही या व्यवहाराची माहिती देणे कंपनीचे कर्तव्य आहे, हा त्या निर्णयातील महत्त्वाचा भाग होता. कंपनीने दंडाला न्यायालयात आव्हान दिले. त्याचे काहीही होवो, यादीतील तिसऱ्या माणसाचे अस्तित्व तरी तेथे मान्य झाले.

आपल्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. ऐकावयास मोठी रक्कम! पण ही रक्कम जाणार भारताच्या संचित निधीत, सरकारी तिजोरीत. ज्याचे नुकसान झाले त्याच्या हाती त्यातील दमडीही पडणार नाही. एवढेच नव्हे, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ मध्ये नुकसानभरपाईची जी तरतूद होती ती गाळण्याची व्यवस्थाही याच कायद्याने केली. म्हणजे ज्या बाईचा छळ झाला तिला काही नाही. तिच्या छळाबद्दल सरकारला महसूल! सरकारी यंत्रणांना अधिसूचनेद्वारे कायद्यातून मोकळे करण्याचा अधिकार केंद्राने राखून ठेवला आहे तो निराळाच. शिवाय याच कायद्याच्या कलम ४४ ने माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(जे) बदलले आणि लोकहितासाठी व्यक्तिगत माहिती उघड करण्याची त्या कलमातील वाट काढून टाकली. खासगीपणाचे हे कवच कोणाला घातले गेले? नागरिकापासून अधिकाऱ्याला. कंपनीपासून नागरिकाला मात्र 'संमती' नावाच्या कागदी ढालीवर सोडून दिले, आणि ती ढालही दुसऱ्याच्याच हाती.

आपल्या घरची झाडलोट

कंपन्यांना आणि सरकारला दोष देऊन लेख संपविणे सोपे होते. पण परिवर्तनवादी संस्था-संघटनांचा कारभार तपासला तर चित्र फारसे उजळ दिसत नाही. घरकामगारांच्या संघटनेची सभासद-यादी कोणाच्या तरी खासगी ईमेलच्या खात्यावर तक्त्यात भरलेली असते आणि तिचा दुवा ज्याला त्याला पाठविलेला असतो. सभेच्या दाराशी वहीत लिहून घेतलेले क्रमांक दुसऱ्या दिवशी न विचारता व्हॉट्सॲपच्या गटात टाकले जातात, आणि दोनशे अनोळखी माणसांना एकमेकांचे क्रमांक दिसू लागतात. त्यांत परक्या पुरुषांच्या हाती पडलेले स्त्रियांचे क्रमांकही असतात. आंदोलनासाठी मिळालेली यादी निवडणुकीत उमेदवाराच्या प्रचाराला वापरली जाते. पतसंस्था, वाचनालये, गृहनिर्माण संस्था यांच्याबाबतही हेच म्हणावे लागेल. कार्यकर्ता संघटना सोडून जातो, भांडून जातो, दुसऱ्या पक्षात जातो. यादी त्याच्याबरोबर जाते.

१९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात पत्त्यांची एखादी वही पोलिसांच्या हाती पडणे म्हणजे आश्रय देणाऱ्या किती घरांवर संकट, हे त्या पिढीला सांगावे लागत नसे. ज्या प्रदेशात ही शिस्त एकदा अंगवळणी पडली होती, तेथील चळवळींनी आपल्या सभासदांची संपूर्ण यादी स्वतःहून परक्या कंपनीच्या इमारतीत नेऊन ठेवावी, हे कोणत्या प्रगतीचे लक्षण समजावयाचे? राज्यकर्ते बदलतात, कायदे बदलतात. साठविलेली यादी मात्र तशीच राहते आणि नव्या धन्याच्या हुकमाची वाट पाहते.

ठेवीचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात ठेवींवर स्वतंत्र अध्याय आहे. १८७२ चा करार कायदा सांगतो की, दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी. आणि ठरलेल्या कामाखेरीज ती वापरली तर होणाऱ्या नुकसानीस तोच जबाबदार राहील. क्रमांक ही कायद्याच्या अर्थाने वस्तू नसेल. नीतीच्या अर्थाने मात्र ती ठेवच आहे. गांधीजींनी संपत्तीच्या संदर्भात विश्वस्ताची कल्पना मांडली. धनिकांनी ती कितपत मानली हा वादाचा विषय आहे. पण दुसऱ्याच्या पत्त्याच्या बाबतीत तरी प्रत्येक सामान्य माणसाला विश्वस्त होणे शक्य आहे. त्यासाठी भांडवल लागत नाही.

तेव्हा करावयाचे काय? व्यक्तीने, यादी मागणाऱ्या ॲपला नकार हे पहिले उत्तर ठरवावे. बहुतेक ॲपे तिच्याविना चालतात, आणि जे चालत नाही त्याचा धंदा कशावर आहे हे त्यातूनच कळते. नावापुढे आजार, व्यवसाय, जात, भानगड असे काही लिहू नये. जे त्या माणसाच्या तोंडावर म्हणता येणार नाही ते यंत्राच्या कानातही सांगू नये. कोणी 'अमक्याचा नंबर द्या' म्हटले तर आधी अमक्याला विचारावे. हा जुना शिष्टाचार आहे. तो माणसांना लागू होता, यंत्रांनाही लागू करावयाचा आहे.

संघटनांनी, क्रमांक घेताना तो कशासाठी हे सांगावे आणि त्याखेरीज वापरू नये. लागेल तेवढेच घ्यावे, काम संपल्यावर पुसावे. यादी एका व्यक्तीच्या खात्यावर नव्हे, तर कार्यकारिणीला जबाबदार असलेल्या दोघा-तिघांच्या ताब्यात, कुलपात ठेवावी, आणि वार्षिक सभेत जसा जमाखर्च मांडतात तसा या यादीचाही हिशेब मांडावा.

आणि सरकारकडे तीन मागण्या कराव्यात. एक, कोणत्याही ॲपला संपूर्ण संपर्क-यादी मागण्यास, रिझर्व्ह बँकेने कर्ज-ॲपांना केली तशी, सरसकट मनाई असावी. वापरकर्त्याने निवडलेली नावे तेवढी द्यावीत, तीही साठवून न ठेवण्याच्या अटीवर. दोन, यादीतून आपले नाव पोचले आहे काय हे विचारण्याचा आणि ते पुसून घेण्याचा हक्क, ॲप वापरीत नसलेल्या प्रत्येक नागरिकास सोप्या मार्गाने मिळावा. तीन, दंडाची रक्कम प्रथम नुकसान झालेल्याला, मग तिजोरीला.

कोणी म्हणेल, समुद्रात एक लोटा पाणी कमी केल्याने काय होणार? माझे नाव पाचशे जणांच्या यादीत आहे. मी एकट्याने माझी यादी राखून मला काय संरक्षण मिळाले? काहीच नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. माझी यादी राखल्याने माझे नव्हे, तर माझ्या यादीतील पाचशे जणांचे संरक्षण होते. माझे संरक्षण त्यांच्या हाती आहे. जेथे स्वतःच्या शहाणपणाने स्वतःचे रक्षण होऊच शकत नाही, तेथे बाजाराची 'ज्याची त्याची निवड' ही भाषा निरुपयोगी ठरते आणि सामूहिक नियम करावाच लागतो. तो नियम होईपर्यंत, आपल्या खिशातील पाचशे माणसे आपल्या भरवशावर आहेत.